आसूढाळ

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या शाहूपुरीच्या गल्लीतून डोंगरातल्या गवताचा एखादा टेंपो जातो. कुणाच्या तरी म्हशींच्या गोठ्याकडं निघालेला असतो. इतका भरलेला की दोन्ही अंगांची गवताची टोकं भिंतींना घासत जातात, आणि तो पुढं गेल्यावर विजेच्या तारांना, बोगनवेलीला, कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्याला काड्या लटकत राहतात. शेजारच्या वहिनी खिडकी लावून घेतात. त्यांना त्या वासानं शिंका येतात. मला शिंका येत नाहीत. मी हातातलं काम ठेवून आत जाऊन बसते. सून विचारते, "आत्ती, बरं वाटंना काय?" मी म्हणते, "काय न्हाय गं, बसलीय जरा." खरं तर त्या वासाची मला भीती वाटते, आणि या वयात गवताला भिते म्हणून सांगायची लाज वाटते.

आमचं गाव कोडोलीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मी सांगते तो हंगाम संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या सालचा. मी तेव्हा अकरा वर्षांची. कार्तिक सरत आला की आमचा डोंगर पिवळा पडायचा आणि गावातली सगळी माणसं विळे घेऊन वर जायची. दव वाळेपर्यंत कुणी गवताला हात लावत नसे. ओलं गवत गंजीत गेलं की आतून तापतं, काळं पडतं, कधी पेटतंसुद्धा. ऊन वर आलं की मग डोंगरभर विळ्यांचा कर्रकर्र आवाज, आणि दुपारपर्यंत पेंढ्यांच्या रांगा. कुसळं परकरात घुसायची. ती घरी आल्यावर आई एकेक करून काढायची आणि प्रत्येक कुसळागणिक मला एक शिवी द्यायची. कापलेल्या पट्ट्यातून उंदीर पळायचे, उंदरांमागं साप निघायचे, आणि वर घारी घिरट्या घालत असायच्या. घारीची सावली पाठीवरून सरकली की माझ्या अंगावर काटा यायचा. बाकीच्या पोरींना काही वाटायचं नाही. त्या साली मला एक गोष्ट ठाऊक होती, ती त्यांना ठाऊक नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. आठ एकर जिरायत, दोन बैल, एक म्हैस, दोन मुली आणि मुलींच्या पाठीवरचा धाकटा. चारचौघांसारखा संसारी माणूस. बाजारातून येताना अक्काला काकणं आणि मला चिरमुऱ्यांचा पुडा आणायला कधी विसरले नाहीत. पण जीव सगळा घोड्यांत. आई म्हणायची, "ह्यास्नी मागल्या जल्मी शेपूट हुतं." माझी वेणी आईनं घातली तर दुपारपर्यंत सुटायची, आबांनी घातलेली दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत हलायची नाही. आयाळ विंचरून विंचरून त्यांचा हात बसलेला. त्यांच्या बोटांना घोड्याच्या घामाचा वास असायचा, तो माझ्या केसांना लागायचा, आणि शाळेतल्या पोरी नाक धरून मला चिडवायच्या. मला त्याचं काही वाटत नसे.

पंचक्रोशीत आबांना मान होता तो भोवऱ्यांमुळं. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, आपल्या डोक्यावर असतात तसे. जुनी माणसं त्यावरून जनावर पारखायची. गळ्यावर देवमण असला की घरात बरकत. काही भोवरे वाईट, आणि सगळ्यांत वाईट आसूढाळ. तो डोळ्याखाली असतो, आसू ओघळतं त्या वाटेवर. असलं घोडं धन्याला रडवतं म्हणायचे, आणि त्यावर बसून नवरदेव लग्नाला आला तर नवरीचं कुंकू फार दिवस टिकत नाही म्हणायचे. पेठ वडगावच्या बाजारात कुणी घोडं घ्यायला निघालं की आधी आबांच्या दारात यायचं. आबा गुळाच्या चहाशिवाय काही घेत नसत. त्यांचा एकच नियम होता, मोरखी काढल्याशिवाय घोडं बघायचं नाही. मोरखी म्हणजे घोड्याच्या तोंडावर बांधतात तो साज. तिच्या पट्ट्याखाली विकणारे काय काय लपवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा शेजारगावचा एक कासार स्वतः वाढवलेलं शिंगरू दाखवायला आला. आबांनी मोरखी उतरवली, डोळ्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "पावणं, हे दारात बांधू नगा."

कासार रडकुंडीला आला. "लेकरागत वाढवलंय वो."

"मग लेकरं सांभाळा. शिंगरू सोडा."

त्यानं त्याच आठवड्यात ते काढून टाकलं. आबांच्या त्या उत्तराचं गावात केवढं कौतुक झालं. मीही शाळेत जाऊन सांगितलं होतं, मान वर करून.

माझा भोवऱ्यांवर विश्वास नाही. तीस वर्षं शाळेत मुलांना असल्या गोष्टी खोट्या म्हणून शिकवल्यात, आणि त्या खोट्याच आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल म्हातारीचा विश्वास आहे. तसा नाही. निदान दिवसाउजेडी तरी नाही.

लवंगी आली ती दसऱ्याच्या आधी. एका इनामदारांची पागा मोडत होती. राज्यच राहिलं नाही तर पागा कशाला, असं त्यांनी ठरवलं असावं. घोडी घ्यायला आलेल्यांना पारख करून द्यायला आबांना बोलावणं आलं. सकाळी एकटे गेले आणि तिसऱ्या प्रहरी घोडी घेऊनच परत आले. पिकल्या खजुराच्या रंगाची, अंगानं बारकी आणि स्वभावानं मिरची. म्हणून लवंगी. आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पारख कराया गेलता न्हवं?"

"केली की," आबा म्हणाले. "ही पास झाली."

ते हसत होते. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तिला ओढ्यावर धुवायला नेली. घासायचा पेंढीचा बोळा माझ्या हातात होता. आबांनी मोरखी सोडली, तिच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि हात फिरवता फिरवता थांबले. डाव्या डोळ्याखाली, ओल्या केसांत, चिंचोक्याएवढा भोवरा होता. आबांनी त्यावर अंगठा ठेवला. काढला. परत ठेवला. पाणी आमच्या पायांतून वाहत होतं. मी विचारलं, "आबा, आसूढाळ हाय न्हवं?" मला ओळखायला शिकवलेलं त्यांनीच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काठावरची मोरखी उचलली आणि ओल्या तोंडावरच चढवली. पट्टा बरोबर भोवऱ्यावर बसला.

"पोरी, हे कुणाला बोलू नगंस. तुज्या आईला बी न्हाय."

"व्हय," मी म्हणाले.

इनामदारांच्या दारात त्यांनी मोरखी का काढली नाही, हा प्रश्न मी आयुष्यभर चघळला आहे. दुसऱ्यांसाठी हरघडी पट्टा उचलून बघणारा माणूस स्वतःच्या वेळी विसरला? मला नाही वाटत विसरले असं. मनात भरलेल्या मुलीच्या पत्रिकेत आपण मंगळ शोधत बसत नाही, तसंच झालं असेल. आणि ओढ्यावर बघितल्यावर तरी घोडी परत करता आली असती. तीही केली नाही.

मग गवताचा हंगाम आला आणि घरात एकेक व्हायला लागलं. व्हायचं ते कुठल्याही घरात होतं तेच. म्हशीचं रेडकू मेलं. धाकट्याला ताप आला तो आठ दिवस उतरेना. गंजी रचताना गडी घसरून पडला आणि त्याचा हात मोडला. आई म्हणायची, "काय साल हाय बाई."  आबांची नजर गोठ्याकडं जायची आणि तिथून माझ्याकडं यायची, आणि मी खाली बघायचे. मला वाटायचं, मी बोलले तर घोडी जाईल, आणि नाही बोलले तर घरातलं कुणीतरी जाईल. डोंगरावर पेंढ्या बांधताना मी मनातल्या मनात घरातली माणसं मोजायचे, आणि खाली उतरल्यावर सगळी आहेत का ते बघून मगच पाणी प्यायचे.

लवंगीला यातलं काय ठाऊक! आबांची चाहूल लागली की ती कान टवकारून फुरफुरायची. आबा पेंढी सोडून, कुसळं झाडून, तिला मूठमूठ गवत चारायचे आणि ती त्यांच्या पटक्याचं टोक ओढायची. मी तिच्या गळ्याला मिठी मारली की पट्ट्याच्या कडेनं भोवऱ्याचे दोन-चार केस बाहेर आलेले दिसायचे. ते मी बोटानं आत सारायचे.

अक्काचं लग्न त्याच मार्गशीर्षात ठरलं. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. स्थळ वडगावकडचं, घर चांगलं, मुलगा शिकलेला. सुपारी फुटली, आणि उठता उठता मुलाचे वडील म्हणाले, "घोडं तेवढं तुमचं हां पावणं. लवंगीचं लई नाव ऐकलंय. नवरदेव तिच्यावरच बसनार."

आमच्याकडं नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावर येतो. आबांनी हातातलं पानाचं तबक खाली ठेवलं. ते म्हणाले, "ती लई तापट हाय वो. कोडोलीत एक पांढरं घोडं हाय, गरीब. ते आनतो की."

व्याही हसले. "घोड्यांच्या जाणत्याची लेक करायची आन् उसन्या घोड्यावर यायचं व्हय? मानसं तोंडात शेण घालतील आमच्या."

सगळी बैठक हसली. अक्का दाराआडून ऐकत होती, तिचे कान लाल झाले. लवंगीवरून येणारा नवरा तिला तिथंच दिसला असणार.

आता खरं सांगावं तर लग्न मोडतं. आसूढाळ दारात बांधून घेतलेल्या घरची मुलगी कोण करणार? न सांगावं तर, आबांच्या मते, अक्काचं कुंकू जातं. घोडी लग्नाआधी विकावी तर घेणारा मोरखी काढून बघणार, आणि तसं बघायला त्याला आबांनीच शिकवलेलं. दुसरा कुणी असता तर त्यानं जुन्या लोकांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. आबांना ते जमणार नव्हतं. ते खरं मानायचं नाही म्हटलं, तर मग त्या कासाराच्या शिंगराचं काय? पंधरा दिवस त्यांचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. आई म्हणायची, लेक जायची म्हणून असं करतायत.

लग्नाच्या दिवशी सकाळी दारात हळदीची गडबड होती. आईनं मला सारवायला शेण आणायला गोठ्यात पाठवलं. आबा खाली बसले होते, लवंगीचा पुढचा पाय त्यांच्या मांडीवर, हातात हातोडी, ओठांत खिळा. नालबंद यायचा तेव्हा आबा शेजारी बसून खिळ्याची वाट बोटानं दाखवायचे. खुराच्या बाहेरच्या कडेनं, जिथं घोड्याला काही कळत नाही. हा खिळा त्यांनी त्या वाटेवर ठेवला नाही. आत ठेवला, जिवंत भागाकडं तोंड करून. लवंगीनं त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकवली होती, रोज टेकवायची तशीच. दोन ठोके पडले. तिसऱ्याला तिच्या सगळ्या अंगातून थरथर गेली. तिनं पाय ओढला. आबांनी सोडला नाही, आणि तिनं लाथ मारली नाही.

"आबा, काय करतायसा?"

"नाल हालत हुता," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

मी शेण घेतलं आणि बाहेर आले. बाहेर बायका अक्काला हळद लावत होत्या, गाणी म्हणत होत्या. मी अंगण सारवलं. एक कोपरा राहिला म्हणून आई मला दोनदा ओरडली.

संध्याकाळी, मुहूर्ताच्या आधी, लवंगीला झूल घालून, तुरा लावून देवळाशी आणलं. पुढचा पाय टेकला की तिची मान खाली जात होती. कुणीतरी म्हणालं, "अवं, घोडी लंगडतीया." आबांनी पाय उचलून बघितल्यासारखं केलं. "नाल लागलाय. आज न्हाय बसता यायचं. माफी करा पावणं." व्याही चरफडले, चार बायका कुजबुजल्या. नवरदेव, म्हणजे आमचे दाजी, बाशिंग बांधलेल्या डोक्यानं धुळीतून चालत मांडवात आले. अक्काचं तोंड एवढंसं झालं. अक्षता पडल्या तेव्हा आबा हुंदके देऊन रडले. लोक म्हणाले, लेकीचा बाप, रडणारच.

वऱ्हाड निघून गेल्यावर त्यांनी खिळा उपसला. जखमेत हळद-तेल भरलं, चिंधी बांधली, दिवसातून चार वेळा गरम पाण्यानं शेकलं. चार दिवसांत ती नीट चालायला लागली. आबांच्या तोंडावर तजेला आला. ते पुन्हा माझी वेणी घालायला बसले. मला वाटतं, त्या आठवड्यात त्यांना वाटलं असेल की आपण सगळ्यांना चुकवलं, भोवऱ्यालासुद्धा.

बाराव्या दिवशी ती खायची थांबली. आबांनी गवताची मूठ तोंडाशी धरली, तिनं वास घेतला, पण जबडा उघडेना. कान ताठ, शेपूट वर, चारी पाय लाकडाच्या खेळण्यासारखे फाकलेले. कोल्हापुरातून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी खूर बघितला आणि म्हणाले, "धनुर्वात आहे. अंधारात ठेवा. आवाज करू नका." सुई दिली, पण जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले, तेव्हाच आम्ही समजलो.

तीन दिवस गोठ्याच्या दाराला पोती लावलेली होती. भर दुपारी आत अंधार. घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, धाकट्यानं रडायचं नाही. एखादी ताटली पडली तरी आत तिचं सगळं अंग आकडायचं, आणि ते आम्हाला बाहेर ऐकू यायचं. डोंगरातून गवताच्या गाड्या येत होत्या, त्या आबांनी वेशीपाशीच थांबवल्या. सगळा हंगाम तिथं उन्हात उभा होता आणि त्याचा वास गावात येत होता. जबड्यावर दाब नको म्हणून डॉक्टरांनी मोरखी काढायला लावली होती, त्यामुळं आबा कुणालाही आत येऊ देत नसत. फक्त मला. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि बरोबर त्या भोवऱ्यावरून खाली उतरत होतं. घोडं रडत नाही, आजारात डोळ्याला पाणी येतं, हे मला ठाऊक आहे. आबा ते धोतराच्या सोग्यानं टिपत होते आणि त्यांचं स्वतःचं तसंच वाहत होतं. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. खड्ड्यात उतरवण्याआधी आबांनी तिच्या तोंडावर मोरखी पुन्हा चढवली. बघणाऱ्यांना वाटलं, केवढी माया.

आसूढाळ धन्याला रडवतं म्हणतात. रडवलं. वर्गात फळ्यापुढं उभी असताना कधी कधी हे आठवायचं आणि खडू हातातच राहायचा. मी स्वतःला समजावते की केसांच्या एका वळणानं काही होत नाही, झालं ते आबांच्या भीतीनं झालं. मग वाटतं, ती भीती तरी त्यांनी कुठून आणली? त्यांनाही कुणीतरी लहानपणी ओढ्यावर शिकवलं असेल. यापुढं माझं शिक्षण मला उपयोगी पडत नाही.

आबांनी त्यानंतर कुणाचं घोडं पारखलं नाही, आणि दारात दुसरं बांधलं नाही. कुणी आलं तर म्हणायचे, "डोळं गेलं माजं." त्याच डोळ्यांनी ते आईला सुईत दोरा ओवून द्यायचे.

दाजींना काही झालं नाही. अक्काचा संसार चांगला झाला, मुलंबाळं झाली. दाजी माणूस गमत्या. दर दिवाळीला आमच्याकडं यायचे आणि जेवणं झाली की सोप्यावर पान जमवत एकच गोष्ट सांगायचे. "साऱ्या जगाचे नवरदेव घोड्यावर, आन् घोड्यांच्या जाणत्याचा जावई पायी! मामांनी मला पयल्याच दिवशी जमिनीवर आनलं बगा." सगळे हसायचे. आबा सुपारी कातरत बसायचे.

असाच एक पाडवा. लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील; मी तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. दाजींनी गोष्ट सांगितली, हसणं झालं, आणि आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"घोडी म्या लंगडी केलती," ते म्हणाले. "खिळा म्या मारलता. तुमास्नी तिच्यावर बसू द्यायचं नव्हतं मला."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मग दाजींनी मांडीवर थाप मारली. "घ्या! मामा बी शिकले की चेष्टा कराया!" आणि असा काही हशा उसळला की विचारू नका. आईनं पदर तोंडाला लावला. अक्काच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. धाकटा तर लोळायलाच लागला. आबा हसले नाहीत. त्यांनी एकेका तोंडाकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं बघितलं आणि तिथंच थांबले. त्या घरात ते खरं आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. कुणीतरी त्यांच्यावर रागावलं असतं, कुणीतरी त्यांना माफ केलं असतं. ते वाट बघत होते. आठ वर्षांपूर्वी गप्प राहा म्हणून सांगणारा माणूस आता बोल म्हणून विनवत होता, आणि मला ते स्वच्छ कळत होतं.

मी अक्काकडं बघितलं, आणि सगळ्यांबरोबर हसले.